म्हणे, दवाखान्यात समुपदेशन होत नाही!

समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना पालिकेच्या दवाखान्यात प्रशिक्षणाला पाठवावं असं कुणी सुचवलं, की आमच्या क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव उमटतो. सांगून आलेलं स्थळ उत्तम आहे, पण मुलगा भांडुपच्या चाळीत राहतो असं कळल्यावर मुलीच्या आईच्या चेहऱ्यावर येतो ना, तोच. मग एकेक जण बोलायला लागतो. तिथे धड बसायला जागा नसते. गोपनीयता राहत नाही. डॉक्टर आपल्याला विचारत नाहीत. पेशंटना बोलायचं नसतंच, त्यांना गोळ्या हव्या असतात. पंधरा-वीस मिनिटांत कुठे समुपदेशन होतं का? मुलं तिथे काही शिकणार नाहीत, उलट हात बिघडेल त्यांचा. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून: शिवाय त्यात करिअर काय?

एवढं झालं की चहा येतो आणि फील्डवर्कची मागच्या वर्षीचीच यादी यंदाही मंजूर होते. अंधेरी पश्चिमेच्या एक-दोन इंटरनॅशनल शाळा, मालाडच्या एखाद्या कंपनीचा एचआर विभाग, बोरिवली-मुलुंडमधली दोन-चार खासगी क्लिनिकं, आणि सामाजिक बांधिलकी म्हणून एखादी स्वयंसेवी संस्था, तोंडी लावायला. विद्यार्थी शाळेत परीक्षेच्या ताणावर तक्ते लावतात, कंपनीत ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या नावाखाली लोकांना फुगे फुगवायला लावतात, आणि उरलेले तास भरून काढायला वर्गमैत्रिणीला पेशंट करून रोल-प्ले करतात. दवाखान्यात म्हणे हात बिघडतो. फुगे फुगवून तो कसा सुधारतो, हे अजून मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

या मंडळींचं म्हणणं जितक्या ताकदीनं मांडता येईल तितक्या ताकदीनं मांडते, कारण ती काही अडाणी नाहीत. त्यांचं म्हणणं असं: समुपदेशन म्हणजे सल्ला देणं नव्हे, ते एक नातं आहे, आणि नातं जुळायला निवांतपणा लागतो. समोरचा माणूस रडला तर त्याला पोटभर रडू द्यावं लागतं. बंद दार लागतं. जी शिकाऊ मुलगी अजून स्वतःच चाचपडते आहे, तिला गर्दीच्या ओपीडीत उभं केलं तर आठवडाभरात तिचा कारकून होईल. हिचं वजन घे, त्याचा फॉर्म भर, रांग सरळ कर. ती कुणाच्या तरी जखमेची खपली काढेल आणि तेवढ्यात पुढच्या नंबरची हाक येईल. याला समुपदेशन म्हणणं ही गरिबांची फसवणूक आहे. श्रीमंताला पन्नास मिनिटं आणि गरिबाला पंधरा, हा कुठला न्याय?

ऐकायला भारदस्त आहे. गरिबाला दुय्यम दर्जाची सेवा नको, हे मलाही मान्य. मग त्याला काय द्यायचं? तर आजवर जे देत आलो तेच. काहीच नाही.

असल्फा, भांडुप, दिंडोशी, दामूनगर, कुठल्याही वस्तीजवळच्या पालिका दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमारास जाऊन बाकावर बसावं. चाळिशीतली एक बाई हमखास दिसेल. हातातला केस पेपर घड्या घालून घालून कापडासारखा मऊ झालेला. डोकं जड, हातापायाला मुंग्या, रात्री झोप नाही, छातीत धडधडतं, गॅस वर चढतो. डॉक्टरांसमोर तिला तीन-चार मिनिटं मिळतात, आणि तेवढी मिळतात तेही डॉक्टरांच्या भलेपणामुळे, कारण बाहेर अजून पन्नास नंबर आहेत. बीपी बघितलं जातं. पॅरासिटामॉल, अॅसिडिटीची गोळी, बी-कॉम्प्लेक्स. पंधरा दिवसांनी तीच बाई, त्याच तक्रारी, त्याच गोळ्या. मग एकदा ईसीजी. तो नॉर्मल. आणि मग ते वाक्य येतं, जे मुंबईच्या ओपीड्यांमधून दिवसाकाठी किती वेळा उच्चारलं जात असेल देव जाणे: ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’ घेऊ नको म्हणजे नक्की काय करू, हे तिला कुणीच सांगत नाही. नवऱ्याचं काम सुटलंय, घरात कर्ज आहे, थोरला मुलगा रात्री बाराला घरी येतो आणि कुठून आला ते सांगत नाही, हे केस पेपरवर कुठेच नसतं. केस पेपरवर असतं ‘अशक्तपणा’.

आता मला सांगा, ही बाई आमच्या क्लिनिकात कधी येणार? लोखंडवालात तासाला दीड-दोन हजार मोजून? कामाचा खाडा करून? ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ कशाला जातेस, या सासूच्या प्रश्नाला उत्तर देऊन? ती कधीच येणार नाही. दवाखान्यात मात्र ती सहाव्यांदा आली आहे. आमची मंडळी योग्य खोली, योग्य वेळ, योग्य वातावरण यांची वाट बघत बसलेली असताना ती सहा वेळा स्वतःच्या पायांनी चालत आली आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत गेली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत दहापैकी आठांहून जास्त जणांना उपचार मिळत नव्हते. (बारा राज्यांतलं हे सर्वेक्षण. त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मानायलाही सोय झाली.) हे उपचाराविना राहिलेले लोक काही हिमालयात गेलेले नाहीत. ते शुगर तपासायला, बीपीच्या गोळ्या घ्यायला, पोराचा ताप दाखवायला रांगेत उभे आहेत.

‘पण त्यांना बोलायचं नसतं, गोळ्या हव्या असतात.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीडही यायची थांबली होती. परत यायला लागली ती गोव्याचे आकडे पुन्हा वाचल्यावर. तिथे ‘संगाथ’ या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने घेतले. निम्म्या ठिकाणी, आरोग्य क्षेत्राचा अनुभव नसलेल्या स्थानिक महिलांना थोडक्या प्रशिक्षणानंतर समुपदेशक म्हणून बसवलं. डॉक्टर तेच, पेशंट तसेच. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत ज्यांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार असल्याची खात्री झाली होती, त्यांच्यापैकी समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले. नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. बोलायचं नसलेल्या लोकांच्या मानानं हे बरंच झालं म्हणायचं.

इथे कुणीतरी हुशार माणूस बोट वर करतो. खासगी दवाखान्यांत फरक पडला नव्हता, हे का नाही सांगत? सांगते की. तिथे समुपदेशक असो वा नसो, बरं होणाऱ्यांचं प्रमाण साठीच्या पुढेच, जवळपास सारखं होतं. ज्यांच्याकडे खासगी फॅमिली डॉक्टर आहे, तो नावानं ओळखतो आणि दोन मिनिटं जास्त बोलतो, त्यांचं त्यातच बरंचसं भागत असावं. मग यातून काय ठरतं? विद्यार्थ्यांना कुठे पाठवायला हवं ते. जिथे त्यांच्या असण्यानं फरक पडतो तिथे, म्हणजे नेमकं जिथे आपण त्यांना पाठवत नाही तिथे. घाटकोपरच्या एअर कंडिशन्ड क्लिनिकात विद्यार्थी नसले तरी कुणाचं फारसं अडत नाही.

आता वेळेचा मुद्दा. पन्नास मिनिटांच्या तासाची चौकट आमच्याकडे वेदवाक्यासारखी सांगितली जाते. ती आली युरोपातल्या मनोविश्लेषणाच्या परंपरेतून, जिथे फ्रॉइड आपल्या पेशंटना रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज भेटायचा. रोजचं भेटणं आपण सोयीस्कर सोडून दिलं, कारण ते ना आपल्याला परवडतं ना पेशंटला. तास मात्र पवित्र राहिला. का? फी तासावर लागते म्हणून असेल का, असा क्षुद्र विचार माझ्या मनात येतो आणि मी तो झटकून टाकते. पुन्हा येतो.

गोव्यातल्याच पुढच्या एका प्रयोगात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांना घेतलं होतं. समुपदेशक पुन्हा सामान्य शिक्षणाचेच. सत्रं सहा ते आठ, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाचं. त्यात बालपणाचं उत्खनन नव्हतं. माणूस खचला की एकेक गोष्ट सोडत जातो. भजनाला जाणं, शेजारणीकडे बसणं, अंगणात झाड लावणं. जितकं सोडतो तितका आणखी खचतो. तो क्रम उलटा फिरवायचा, एका वेळी एक छोटी गोष्ट परत आणून. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं असंच काम केलं, तेव्हा उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. अमेरिकेत हेच कधीचं झालंय. तिथल्या ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात साठीपुढच्या १,८०१ लोकांपैकी निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातच एका प्रशिक्षित कार्यकर्त्याची जोड दिली. २००२ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरात लक्षणं निम्म्यानं कमी झालेले ४५ टक्के, एरवी १९. वीस मिनिटांचं समुपदेशन म्हणजे पन्नास मिनिटांच्या समुपदेशनाचं फाटकं धडुतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या आकड्यांशी एकदा भांडून दाखवावं. माझ्याशी भांडून उपयोग नाही.

गोपनीयता! हा शब्द उच्चारताना तर आवाज आपोआप गंभीर होतो. पण विचार करा, एखादी बाई ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावलेल्या दारातून आत गेली, तर गल्लीत काय बोलतील? आणि तीच बाई बीपी दाखवायला दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत पंचवीस मिनिटं बसून आली, तर? गल्लीला पत्ताही लागत नाही. उपनगरांत राहणाऱ्या बाईसाठी दवाखान्याचं दार हेच सगळ्यात सुरक्षित दार आहे. हे मुंबईत कुणाला माहीत नसेल तर ते लाजिरवाणं आहे, कारण ‘दिलासा’ इथेच सुरू झालं. २००० सालच्या सुमारास महापालिकेनं आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात कौटुंबिक हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी हे केंद्र काढलं. मारहाणीनंतर बाई पोलिसांकडे जाणार नाही, पण ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणत दवाखान्यात येईल, एवढं साधं त्यामागचं गणित. परिचारिकांना, डॉक्टरांना खुणा ओळखायला शिकवलं, आणि बाईला त्याच इमारतीत समुपदेशकाकडे नेलं. नंतर राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून ही केंद्रं मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत गेली. एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांचे समुपदेशकही वर्षानुवर्षं याच रुग्णालयांतल्या खुराड्याएवढ्या खोल्यांत बसून माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक बातमी सांगत आलेत. तिथे गोपनीयता राहिली ती खोलीच्या चौरस फुटांमुळे नाही. दार लावायचं कधी, केस पेपरवर लिहायचं काय आणि आपल्या वहीत ठेवायचं काय, सोबत आलेल्या नवऱ्याला बाहेर बसवायचं कसं, या गोष्टी त्यांनी शिकून घेतल्यामुळे राहिली. शिकण्यासारख्या गोष्टी आहेत म्हणूनच तर विद्यार्थ्यांना पाठवायचं म्हणतेय.

आणि डॉक्टर विचारत नाहीत, ही तक्रार.

का विचारावं त्यांनी? एम.ए. झालेली आमची मुलगी केस पेपर उघडते आणि तिला थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच म्हणजे काय ते ठाऊक नसतं. थायरॉइड मंदावलेली बाई सुस्त असते, वजन वाढतं, कशात मन लागत नाही, रडू येतं. हे सगळं नैराश्यासारखं दिसतं, आणि आमची मुलगी त्या बाईच्या आईशी असलेल्या नात्याचा शोध घेत बसते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेली गुजराती, कच्छी, जैन कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या साठीच्या बेनना मधुमेह आहे, दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. शाकाहारात बी-१२ मुळात कमी, त्यात मेटफॉर्मिननं ते आणखी उतरतं. पायाला मुंग्या, थकवा, उदासी. यातलं किती मनाचं आणि किती रक्ताचं? दोन्हीही असू शकतं, कारण मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं. हे ज्या समुपदेशकाला कळत नाही, त्याच्याकडे कुठला शहाणा डॉक्टर पेशंट पाठवेल?

क्षयाचं तर विचारूच नका. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिननं काही पेशंटना नैराश्य येतं, भ्रम होतात, जीव द्यावासा वाटतो. मुंबईसारख्या शहरात, जिथे असा टीबी माणसाकडून माणसाकडे पसरतोय, तिथे समुपदेशनाच्या विद्यार्थ्याला हे नाव माहीत नसणं म्हणजे काय? आणि अल्प्राझोलाम? ही गोळी शेड्युल एच-१ मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. तरी ‘झोपेची ती छोटी गोळी’ वर्षानुवर्षं घेणाऱ्या आजी प्रत्येक सोसायटीत सापडतात. ती एकदम बंद केली तर काय होतं, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आजींना ‘गोळ्यांवर अवलंबून राहू नका’ असा उपदेश करणारा समुपदेशक धोकादायक आहे. अर्धवट शिकलेल्यांची भीती वाटते ना तुम्हाला? हे घ्या तुमचे अर्धवट शिकलेले. दवाखान्याचं तोंड न बघता पदवी घेतलेले.

डॉक्टरांनाही मी सोडत नाही. ‘जरा काउन्सेलिंग करा हिचं’ असं म्हणून जे त्रासदायक पेशंट ढकलतात, त्यांना समुपदेशक म्हणजे समजूत काढणारी मावशी वाटते. ‘गोळ्या वेळेवर घेत नाही, सांगा तिला’ एवढ्यावर त्यांचं काउन्सेलिंग संपतं. ती गोळ्या का घेत नाही? दुपारची गोळी घेतली की गरगरतं आणि संध्याकाळी पाच-वीसच्या लोकलला उभं राहून विरारला जायचं असतं, हे शोधून काढून डॉक्टरांना परत सांगणं, वेळ बदलून घेणं, हे समुपदेशकाचं काम. त्यासाठी डॉक्टरांनी उठून, दोन पावलं चालून, पेशंटच्या समोर ‘या आमच्या समुपदेशक, यांच्याशी बोला’ म्हणावं लागतं. या अर्ध्या मिनिटात पेशंट पुढे बोलेल की नाही ते ठरतं. चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहून हे होत नाही. पण हे डॉक्टरांना शिकवणार कोण? जी मुलगी रोज त्यांच्या शेजारी बसेल, त्यांच्या भाषेत बोलेल आणि दोन महिन्यांत दाखवून देईल की सहाव्यांदा येणारी बाई सातव्यांदा आली नाही. भाषणं देऊन मान मिळत नाही, आणि रुसून बसल्यानं तर नाहीच नाही.

या सगळ्यात सर्वांत नवा आणि सर्वांत चतुर आक्षेप नियोजन करणाऱ्यांकडून येतो. गोव्यात साध्या बायकांनी हे केलं ना? मग एम.ए.वाल्यांना प्रशिक्षण देऊन काय करायचं? आशाताईंना, आरोग्यसेविकांना चार दिवस शिकवा आणि लावा कामाला. स्वस्तात स्वस्त. हा आक्षेप आमच्या मंडळींनाही आतून आवडतो, कारण त्यानं त्यांची सुटका होते. पण गोव्याच्या निष्कर्षांचा अर्धा भाग वाचून उरलेला अर्धा का टाकता? त्या महिला एकट्या नव्हत्या. पुढच्या प्रयोगात समुपदेशकांची सत्रं रेकॉर्ड होत, दर आठवड्याला सगळे मिळून ती ऐकत, ठरलेल्या मोजपट्टीनं गुण देत, आणि वर तज्ज्ञ होते. देखरेखीचा हा सांगाडा काढून घेतला तर उरते ती चार दिवसांत शिकवलेली, आधीच लसीकरण, गरोदर माता आणि घरोघरच्या सर्वेक्षणाच्या ओझ्याखाली दबलेली आरोग्यसेविका. तिच्या हाती तुम्ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ची यादी देणार. नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा. ‘हो’ असं उत्तर आलं तर तिनं काय करायचं? कुणाला फोन करायचा? त्या संध्याकाळी झोपेल का ती? ती देखरेख करायला, तो फोन उचलायला जी माणसं हवीत, ती तयार करणं हेच आपलं काम होतं. मानसोपचारतज्ज्ञ हे करू शकणार नाहीत, कारण देशात लाख माणसांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही.

राहिला करिअरचा प्रश्न. कबूल, पालिकेत समुपदेशकांची पदं कमी आहेत आणि जी आहेत ती बहुतेक कंत्राटी. पगार लाज वाटावी असे. याबाबत आरोग्य खात्याची तळी उचलायला मी बसलेले नाही. पण कायदा आमच्या वर्गांच्या पुढे निघून गेलाय, हे कुणाच्या लक्षात आलंय का? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ च्या मे अखेरीस लागू झाला, त्याचं अठरावं कलम सरकारवर जबाबदारी टाकतं की मानसिक आरोग्य सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलेली हवी. आयुष्मान आरोग्य मंदिरांतल्या बारा सेवांत मानसिक आरोग्य आहे. आणि संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात व्यवसायांच्या यादीत ‘इंटिग्रेटेड बिहेव्हियर हेल्थ काउन्सेलर’ हे नाव स्पष्ट छापलेलं आहे. संसदेनं ज्या व्यवसायाला नाव दिलं, त्याचं प्रशिक्षण कुठे मिळतं असं एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं तर आपण काय सांगणार? अंधेरीच्या इंटरनॅशनल शाळेत?

आधी पदं निघू देत, आधी खोल्या बांधून होऊ देत, मग विद्यार्थी पाठवू, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते: प्राथमिक आरोग्यसेवेत मानसिक आरोग्य मिसळायचं, हे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात १९८२ साली लिहिलं गेलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली. अजून किती वाट बघायची? ‘दिलासा’ सुरू झालं तेव्हा आधी मंजूर पदांचा जीआर निघाला होता का? पदं कधीही कागदावरून जन्मत नाहीत. कुणीतरी आधी ते काम करून दाखवतं, त्याच्यावाचून अडायला लागतं, मग फाइल हलते.

म्हणून येत्या जूनमध्ये यादी करताना शाळा आणि कंपन्या खुशाल ठेवा, पण आठवड्याचे दोन दिवस दवाखान्याचे लिहा. राजावाडी, कूपर, मुलुंडचं अगरवाल, कांदिवलीचं शताब्दी, आणि त्यांच्या आसपासचे छोटे दवाखाने. सहा-सात विद्यार्थ्यांमागे एक सुपरव्हायजर द्या, आणि तो कॉलेजच्या केबिनमध्ये न बसता दवाखान्यातच बसेल असं लिहून घ्या. दर आठवड्याला रेकॉर्डिंग ऐका, अर्थात पेशंटच्या संमतीनं. परीक्षेत थायरॉइड, बी-१२, शुगर, टीबीची औषधं यांवर प्रश्न घाला. मराठी, हिंदी आणि गुजरातीत ‘जीव घाबरतो’ असं सांगणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न काय विचारायचा, याची तोंडी परीक्षा घ्या. जो नापास होईल त्याला पदवी देऊ नका, मग त्याचे क्लिनिकमधले तास कितीही भरलेले असोत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ नसलेल्यालाही देऊ नका.

आणि ज्यांना एवढं करूनही वाटतंय की दवाखान्यात समुपदेशन होत नाही, त्यांनी ते मत माझ्या तोंडावर मांडू नये. घाटकोपरच्या ओपीडीत सोमवारी सकाळी जाऊन त्या रांगेसमोर मांडावं. सांगावं की बायांनो, तुमच्या दुःखाला लागणारी शांत खोली, मऊ खुर्ची आणि पन्नास मिनिटं अजून जमलेली नाहीत, तोवर बी-कॉम्प्लेक्स घ्या.